आमच्या बायकाच म्हणतात 'हे आमचंच काम', मग ते समाजानं ठरवलं असं कसं सांगू?

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी हा प्रश्न पाठवला आहे. सातवी-आठवीच्या मुली आणि त्यांच्या आया यांच्यासाठी त्या बैठका घेतात. बाईनं कसं वागायचं नि पुरुषानं कसं, हे नियम समाजानं घातलेत असं त्यांनी पहिल्या बैठकीत सांगितलं. त्यावर एक आजी म्हणाल्या, "देवानंच केलंय ते, समाज कुठला करायला?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाई विचारतात: बायकांनाच हे आपलं काम वाटत असेल, तर ते ठरवून दिलेलं आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? हे परंपरेला नावं ठेवणं होत नाही का? आणि मुलग्यांशी, त्यांच्या बापांशी बोलायचं की नाही?

सीमाभागातले पंचायत सदस्य, अंगणवाडी सेविका, बचत गट आणि शिक्षक यांच्याबरोबर मी याच विषयावर वर्षानुवर्षं काम करते. घरगुती तंट्यांत समुपदेशनही करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाई, आजींचं बोलणं खोडून काढू नका. त्यातलं अर्धं खरं आहे. पाळी येणं, दिवस जाणं, बाळंत होणं, अंगावर पाजणं हे शरीराचं आहे. दाढी फुटणं, आवाज फुटणं हेही शरीराचं. अभ्यासात याला लिंग म्हणतात, आणि ते खानापुरात नि काश्मिरात सारखंच असतं. पण पाळी आली म्हणून चार दिवस बाहेर बसायचं, न्हाण आल्यावर ओटी भरून पोरीची शाळा बंद करायची, बापानं तान्ह्याला अंघोळ घालायला लाजायचं, हे रिवाज आहेत. ते जातीजातींत, घराघरांत वेगळे आहेत आणि दोन पिढ्यांत किती बदललेत ते आजींनीच पाहिलंय. याला लिंगभाव म्हणतात. जन्मलेल्या शरीराकडे बघून त्याच्या पदरात टाकलेली कामं, वागणूक, हक्क, बंधनं आणि दोष हे सगळं त्यात आलं. बैठकीत हे शब्द वापरले नाहीत तरी काही अडत नाही. तपासायची रीत तेवढी शिकवा: ही गोष्ट सगळीकडच्या बायकांना सारखी लागू आहे का? नसेल, तर ती माणसांनी ठरवली आहे.

ही तपासणी करायला आपल्या सीमाभागासारखी जागा नाही, कारण इथं दोन रीती एकाच गल्लीत नांदतात. मराठी घरात मामा बापाच्या जागी असतो. लग्नात भाचीला मांडवात आणतो तो मामा, पाठीशी उभा राहतो तो मामा. मामानं भाचीशी लग्न करायचं हे नुसतं कानावर पडलं तरी आपल्या बायका पदर तोंडाला लावतात. भिंतीला भिंत लागून असलेल्या कित्येक कन्नड घरांत मात्र सख्ख्या मामाचा भाचीवर पहिला हक्क मानला गेलाय, आणि तशी लग्नं आजही होतात. मामाची मुलगी आपल्याकडे चालते, आत्याची मुलगी बहुतेक मराठा घरांत चालत नाही; कन्नड घरांत दोन्ही चालतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंसुद्धा जवळच्या नात्यातली लग्नं मना करताना रूढी असेल तर सूट ठेवली. (अशा लग्नांतून आरोग्याचे जे धोके येतात, तो विषय वेगळ्या बैठकीचा आहे, पण जरूर घ्या.) आता बघा, बारा वर्षांची पोरगी दोन्ही घरांत तशीच. एका घरात ती मामाच्या खांद्यावर हात टाकून हिंडते, दुसऱ्या घरात त्याच वयात तिला मामासमोर नीट बसायला सांगतात. शरीर एकच आणि नियम दोन. आजींना हे विचारा. वाद जिंकायला म्हणून नव्हे, तर अशी उदाहरणं त्यांच्यापाशी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असतात म्हणून. त्या बोलू लागल्या की बैठक त्याच चालवतील.

दुसरं उदाहरण सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या डोंगरावरचं. ते काढायला आपण बिचकतो, पण याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. मुलगा नसलेल्या गरीब, बहुतेक दलित घरांत एखादी मुलगी यल्लम्माला सोडली जायची, म्हणजे देवदासी केली जायची. तिच्या गळ्यात मणी बांधले की तिचं लग्न होत नसे. ती बापाच्याच घरी राहायची, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळायची. कित्येक ठिकाणी बापाच्या जमिनीत तिला मुलासारखा वाटा असे, तिची मुलं त्याच घराण्याचं नाव लावत. म्हणजे ज्या समाजात 'वंशाचा दिवा' मुलगाच असं म्हणतात, त्याच समाजानं गरज पडल्यावर मुलीला मुलाच्या जागी बसवलं. मुलगा ही घरातली एक जागा होती आणि त्या जागेवर कुणाला बसवायचं ते समाज ठरवत होता.

या जागेची किंमत त्या मुलीनं शरीरानं मोजली. गावच्या धनदांडग्यांनी तिला वापरलं, तिच्या पोरांना शाळेत बापाचं नाव विचारून छळलं. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली मुली सोडण्याविरुद्ध कायदे झाले, ते आवश्यकच होते. प्रथा झाकून ठेवू नका आणि तिचं कौतुकही करू नका. त्यातून एवढंच दाखवा, की परंपरेला स्वतःला नियम वाकवता येत होते. तिनं ते घराच्या सोयीसाठी वाकवले, मुलीच्या सुखासाठी वाकवले नाहीत.

आता कामाचं बोलू. माझ्या अनुभवात बायकांच्या मनात खरी हालचाल इथं होते.

'आम्ही काय करतो, घरीच तर असतो' असं म्हणणाऱ्या बायकांबरोबर मी चिंचोक्यांचा खेळ घेते. जमिनीवर खडूनं मोठं वर्तुळ काढायचं, त्याचे चोवीस भाग करायचे, एक चिंचोका म्हणजे एक तास. मलप्रभेच्या काठच्या एका गावात घेतलेली बैठक सांगते. तिथल्या एका बाईनं पहाटे साडेचारपासून चिंचोके मांडायला सुरुवात केली. शेण काढणं, धार, डेअरीला दूध, भाकऱ्या, पोरांचे डबे, भांडी, मग भांगलणीला रानात. येताना डोक्यावर वैरणीचा भारा. संध्याकाळी परत धार, चूल, सासूचे पाय चेपणं. कामं संपायच्या आधी चिंचोके संपले. झोपेसाठी तिला शेजारणीकडून उसने घ्यावे लागले. सगळ्या आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या. मी फक्त विचारलं, यातल्या कुठल्या चिंचोक्याचे पैसे तुमच्या हातात पडतात? तिनं भांगलणीच्या चिंचोक्यांवर बोट ठेवलं. दुधाच्या चिंचोक्यावर ठेवलं नाही, कारण डेअरीचं खातं नवऱ्याच्या नावावर होतं.

हा एका गावाचा हिशेब नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांना त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं लागतात असं आढळलं, पुरुषांना ८८. आणि ही सरासरी जे पुरुष असं काम करतात फक्त त्यांची आहे. २०१९ च्या पाहणीत असे पुरुष शंभरात सव्वीसच होते, बायका एक्याऐंशी.

पण वेळेपेक्षाही मोठी गोष्ट अशी, की काम तेच राहतं आणि त्यात पैसा, यंत्र किंवा मान आला की ते हात बदलतं. घरचा रोजचा स्वयंपाक बाईचा आणि लग्नाच्या जेवणावळीचा आचारी पुरुष. जात्यावर दळणं पिढ्यान् पिढ्या बायकांचं, गिरणी आली आणि गिरणीवाला पुरुष झाला. नदीवरनं पाणी आणणं बाईचं, नळ आले तेव्हा पंचायतीनं पगारावर नेमलेला वॉटरमन पुरुष. रोप लावण बायकांची. दिवसभर चिखलात वाकून त्यांच्या कमरेचं काय होतं ते तुम्ही खानापुरात रोज बघता. तिथं लावणीचं यंत्र आलं की ते चालवायला पोरगा बसतो. नांगराला बाईनं हात लावू नये असा जुना दंडक, म्हणून ट्रॅक्टरही तिचा नाही. हे शरीराच्या ताकदीवर ठरलं असतं तर गिरणीचं बटण दाबण्याला ताकद किती लागते? डोक्यावर वैरणीचा भारा वाहणाऱ्या बाईला ताकद कमी आहे असं कोण म्हणेल?

बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर भागातल्या मागवाल्या घरांत जाऊन बघा. माग पुरुषाचा आणि कांड्या बाईच्या. ती पहाटेपासून कांड्यांवर सूत भरते. तिच्या कांड्या थांबल्या की माग थांबतो. तरी विणकर म्हणून नाव त्याचं लागतं आणि ती 'घरकाम सांभाळून हातभार लावते'. तिकडे आसामात घरोघरी माग बाईचा असतो. मुलीला विणता येणं हीच तिची लायकी समजायचे. निपाणीतही तसंच. विड्या बायका वळतात कारण त्यांची बोटं नाजूक, असं सगळे सांगतात. केरळात कन्नूरकडे विडी कारखान्यांत पुरुष मोठ्या संख्येनं विड्या वळत आले, त्यांच्या बोटांचं कुणाला काही वाटलं नाही. निपाणीत बायका वळतात याचं कारण घरबसल्या, पोरं सांभाळत, हजारी दरानं कमी मजुरीत त्यांच्याकडून काम करून घेता आलं. १९८० च्या सुमारास तिथल्या तंबाखू वखारीतल्या बायका संघटित होऊन संपावर गेल्या. ज्यांच्याबद्दल 'बायका गप्प राबतात' असं सांगितलं जायचं, त्याच त्या बायका.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न, 'बायकांनाच ते आपलं वाटतं', याचं माझं उत्तर असं. त्यांना ते खरंच आपलं वाटतं. त्यात खोटं काही नाही आणि त्या भोळ्याही नाहीत. भाकरी चांगली झाली, सून म्हणून नाव निघालं, हा त्यांना मिळणारा एकमेव मान आहे. तो मान काढून घेऊन 'तुम्ही गुलाम आहात' असं सांगितलं तर त्या तुमच्याकडे पाठ फिरवणारच. 'हे काम तुमचं का?' असं विचारू नका. 'या कामाचं नाव कुणाला, पैसा कुणाला, विश्रांती कुणाला आणि चुकलं तर बोलणी कुणाला?' असं विचारा. हे चार प्रश्न विचारले की चुलीला कमीपणा न येता वाटणी उघडी पडते.

बोलण्यांवरून आठवलं, दोषाची वाटणी तर फार जपून बघायला हवी. घराची अब्रू बाईच्या अंगावर ठेवलेली असते. पोरगा चुकला तर आईचं वळण वाईट, नवरा दारू पितो तर बायकोला सांभाळता येत नाही, मूल नाही तर वांझ तीच. याचं टोक डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच बेळगाव तालुक्यात दिसलं. एक तरुण गावातल्या मुलीबरोबर पळून गेला म्हणून त्याच्या आईला घराबाहेर ओढून, विवस्त्र करून खांबाला बांधून मारलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं आपणहून त्याची दखल घेतली. मुलगा तिचा, पण कृत्य तिचं नव्हतं. तरी शिक्षा तिच्या शरीराला झाली, कारण त्या घराची अब्रू तिथं आहे असं मारणाऱ्यांनी धरलं होतं. बायकांच्या बैठकीत हा विषय निघाला की कुणी ना कुणी 'पण तिनं पोराला आवरायला हवं होतं' म्हणतंच. तेव्हा ओरडू नका. तिथंच थांबून विचारा, बापाचं नाव कुणी का काढलं नाही?

परंपरेला नावं ठेवण्याबद्दल. बाई, परंपरा एक नाही, अनेक आहेत, आणि त्यातली कुठली पुढं न्यायची ते प्रत्येक पिढी निवडते. बेळगावात चन्नम्मा चौकात राणीचा घोड्यावरचा पुतळा आहे. १८२४ साली कित्तूरच्या या राणीनं इंग्रजांना हरवलं, त्यांचा कलेक्टर थॅकरे त्या लढाईत पडला. ती तेव्हा विधवा होती. आपण तिला हार घालतो आणि घरी विधवा काकूला हळदीकुंकवाला बोलावत नाही. सौंदत्तीत तर खुद्द देवीच रांडव पुनवेला विधवा होते, बांगड्या फोडतात, आणि माघात अहेव पुनवेला पुन्हा सवाष्ण होते. जी सुटका देवीला दर वर्षी मिळते ती बाईला जन्मात एकदाही का मिळू नये, असा प्रश्न एका जोगतिणीनंच माझ्यासमोर विचारला होता. त्याला उत्तर द्यायला तिथं कुणी पुढं आलं नाही.

उत्तर हद्दीच्या पलीकडच्या एका गावानं दिलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठराव केल्यानं रिवाज दुसऱ्या दिवशी मरत नाही हे मी जाणते. पण गावानं बसून ठरवलं, म्हणजे आधीचंही गावानंच ठरवलं होतं, हे लोकांना दिसतं. तुमच्या आजींना हे नक्की सांगा.

कन्नडमधल्या संतकवींनी, म्हणजे वचनकारांनीही, ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. जेडर दासिमय्या स्वतः विणकर. त्यांच्या एका वचनाचा आशय असा: स्तन आणि लांब केस दिसले की लोक बाई म्हणतात, दाढीमिशा दिसल्या की पुरुष म्हणतात, पण आत वावरणारा आत्मा बाईही नाही आणि पुरुषही नाही. खासबागेतल्या विणकरांच्या बायकांना मी हे सांगते तेव्हा त्यांना ते बाहेरून आणलेलं वाटत नाही.

शरीर, सांगितलेली भूमिका आणि माणसाला आतून स्वतःबद्दल वाटणारी ओळख, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे मुलांना सांगताना जोगप्पांचा विषय येईलच. येऊ द्या. मुलं त्यांना मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागताना बघतात. जन्मानं मुलगा समजून वाढवलेलं मूल यल्लम्माचं झालं की लुगडं नेसतं, डोक्यावर देवीच्या मूर्तीचा जग घेतं, आणि लोक त्याच्या पाया पडतात. परंपरेनं त्यांना जागा दिली हे खरं, पण ती देवळाच्या आवारापुरती. पाया पडणारा माणूस त्यांना भाड्यानं खोली देत नाही, शाळा त्यांना टिकू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला, २०१९ मध्ये त्यांच्यासाठी केंद्राचा कायदा झाला, आणि कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकरीत त्यांना एक टक्का राखीव जागा दिल्या. मंजम्मा जोगती याच परंपरेतल्या. त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, त्यांना पद्मश्री मिळाली. वर्गात एखादं मूल वेगळं वागत असेल तर त्याला 'बायल्या' म्हणून हाक मारणं आधी थांबवा. त्याला देवाला सोडण्याची भाषा घरात सुरू झाली असेल तर आईबापांशी त्याच आठवड्यात बोला.

मुलगे आणि बाप यांच्याशी बोलायचं की नाही? बोलायलाच हवं, आणि ते फक्त मुलींच्या भल्यासाठी म्हणून नव्हे. आपल्या भागात पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं बघा. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, घराघरांत कुणीतरी फौजेत. भरतीत उंची कमी पडलेला, छाती कमी भरलेला पोरगा घरी आल्यावर तोंड दाखवायला लाजतो, कारण 'गडी' असण्याचं एकच माप त्याला दिलंय. रडायचं नाही, घाबरायचं नाही, कमवायचंच. कर्ज झालं तर बायकोला सांगायचं नाही, हेही त्यातलंच, आणि त्यातून शेतकऱ्यांच्या घरांवर काय ओढवतं ते आपण पाहतो. माझ्याकडे येणाऱ्या नवराबायकोच्या तंट्यांत, 'तुम्ही मला आधी का नाही सांगितलं' हे वाक्य मी मारहाणीच्या तक्रारीइतकंच ऐकते. दुसरीकडे २०१९ मध्ये बेळगावातच मुलींसाठी लष्करी पोलिसांची भरती झाली, तेव्हा मैदानावर मुली पळाल्या. मुलग्यांना हेही सांगा. पळणं कुणा एकाचं नाही.

कायद्याचं थोडक्यात, कारण आया ते विचारतीलच. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा कर्नाटकानं १९९४ मध्येच दिला, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या हिंदू मुलींना तो आहे, आणि त्या तारखेला बाप हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. प्रत्यक्षात बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. जमिनीच्या बदल्यात तिला माहेर उघडं ठेवायचं असतं, दिवाळीची ओवाळणी आणि बाळंतपणाला हक्काचं घर हवं असतं. तिला वेडी समजू नका, ती सौदा नीट ओळखते. तिला एवढंच सांगा, की सही करायची घाई नसते, आणि कागद कन्नडमध्ये असेल तर तो वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवायचा नाही.

सरकारी योजनांनीही घरातल्या जागा हलवल्यात. जून २०२३ पासून राज्याच्या हद्दीत साध्या बसनं बायकांना तिकीट नाही. त्याच वर्षी ऑगस्टपासून कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर महिन्याला २००० रुपये द्यायची योजना सुरू झाली. एका रेशनकार्डावर एकच बाई, म्हणून सासू की सून, हे तंटे माझ्यापर्यंत आले. ते क्षुल्लक नव्हेत. या घरात प्रमुख कोण, हा प्रश्न बायकांनी आपापसांत पहिल्यांदाच मोठ्यानं विचारला. बसचंही तसंच. 'तिकिटाला पैसे कुठनं आणू' ही अडचण गेली, तेव्हा तिच्यामागे लपलेला 'कुणाला विचारून गेलीस' हा प्रश्न उघडा पडला. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी त्यांचा नवरा बसून बोलतो हे तुम्ही पाहिलं असेल. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यातल्या काही जणी पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओंना) स्वतः फोन लावू लागतात, हेही मी पाहिलंय. जागा मिळाल्यावर माणूस त्या जागेला शिकतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

आता तुमच्या पुढच्या बैठकीबद्दल. आयांची आणि मुलींची बैठक एकत्र घ्या, पण चिंचोके वेगवेगळ्या वर्तुळांत मांडायला लावा. मुलींची वर्तुळं आयांना दाखवा. त्याच वर्गातल्या मुलग्यांचं वर्तुळ शेजारी ठेवा आणि तुम्ही काही बोलू नका. अभ्यासाचे चिंचोके कुणाकडे किती आहेत ते आयांना आपोआप दिसतं. 'पोरीला संध्याकाळचा एक तास मोकळा देऊ' एवढं जरी कुणी कबूल केलं तरी तेवढंच वहीत लिहून घ्या आणि महिन्यानं विचारा. समानता, हक्क हे मोठे शब्द त्या दिवशी नकोत.

बापांची बैठक शाळेत ठेवू नका, ते येत नाहीत. आले तर मुलांच्या बाकांवर अवघडून बसतात. समुदाय भवनात किंवा देवळाच्या कट्ट्यावर ठेवा, संध्याकाळचं दूध डेअरीला घातल्यानंतर. बाजाराचा दिवस टाळा. तुम्ही एकट्या जाऊ नका. गावातला एखादा मान असलेला पुरुष, निवृत्त फौजी असेल तर उत्तम, बरोबर घ्या आणि पहिलं बोलणं त्याला करू द्या. सुरुवात दुधाच्या खात्यापासून करा. खातं दोघांच्या नावावर करायला काय अडचण आहे, हा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि व्यवहाराचं बोलायला पुरुष लाजत नाहीत.

आणि एक गोष्ट आजच करून ठेवा. या बैठकांत कुठल्यातरी मुलीचं लग्न ठरल्याचं तुमच्या कानावर येईलच, तेही बहुतेक एखाद्या मैत्रिणीच्या तोंडून. कर्नाटकात अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न मुळातच रद्दबातल आहे, आणि लग्न लावायला हद्दीपलीकडे महाराष्ट्रात नेलं म्हणून गुन्हा मिटत नाही. १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो, सांगणाऱ्याचं नाव उघड करावं लागत नाही. तालुक्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांचा फोन क्रमांक तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि सांगणाऱ्या मैत्रिणीचं नाव त्या वहीत कुठंही लिहू नका.